जागरणाची किर्द

प्रकल्प : रात्रीची झोप
जागा : सोलापूर, पूर्व भाग, आमच्या घराची मागची खोली
माणसं : मी (आमवात, सहा वर्षं), सासूबाई (गुडघ्यांची झीज, कितीतरी वर्षं), हे (हत्यारपेटीसह)

२ जानेवारी २०२५

सव्वीस वर्षं मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिला. रोजच्या नोंदींची किर्द, खातेवार खतावणी, वर्षाअखेरीला ताळेबंद. एका डझनाचा फरक आला तरी सापडेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आणि परवा डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोप कशी आहे?" तर मी म्हणाले, "येतच नाही हो." त्यांनी विचारलं, "म्हणजे किती तास येत नाही?" मला सांगता येईना. पाच तास? तीन? कशाने जाग येते? दुखतं म्हणून. प्रत्येक वेळी? माहीत नाही.

दोन आठवडे लिहून आणा म्हणाल्या. म्हणून ही वही. कारखान्यातून निरोपाच्या दिवशी मिळालेली, लाल पाठीची, लांबोडकी. दिवाळीत पूजा करून तशीच कोरी ठेवली होती.

रकाने आखले : पडले किती वाजता, डोळा लागायला अंदाजे किती वेळ, जाग किती वेळा आणि कशाने, सकाळी शेवटची जाग, अंथरुणातून कधी उठले, दुखणं शून्य ते दहा, आणि सकाळी हात किती मिनिटांनी सुटले. शेवटच्यासाठी मी माझी खूण ठरवली आहे. केसांचा चाप स्वतः दाबून लावता आला की हात सुटले. आज त्याला ९५ मिनिटं लागली.

एक अट मात्र जाचक आहे. रात्री घड्याळ बघायचं नाही, सकाळी अंदाजाने लिहायचं. अंदाजे रक्कम लिहायला सव्वीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

९ जानेवारी

पहिला आठवडा. रोज साडेनऊला पडते, साडेसहाला उठते. म्हणजे अंथरुणात नऊ तास. त्यातली झोप सरासरी चार तास पन्नास मिनिटं. ५४ टक्के. एवढ्या टक्क्यांवर चालणारा माग मालकाने भंगारात काढला असता.

खरी गंमत जागांच्या रकान्यात आहे. आठवड्यात एकूण २९ वेळा जाग आली. मला वाटत होतं, सगळ्या दुखण्याच्या खात्यावर पडतील. खतावणी केली तर असं निघालं : सांधे ठणकून ९, उजव्या हाताला मुंग्या येऊन ६, लघवीला ५, पायांवर चादरीचा भार होऊन ४, नळाला पाणी आलं म्हणून २, कारण कळलं नाही अशा ३.

म्हणजे वीस रकमा मी भलत्याच खात्यावर टाकत होते. मुंग्या आणि चादर ही वाताचीच पिल्लं, कबूल. पण त्यांच्यासाठी नव्या गोळीची वाट बघायला नको, घरात बसून काहीतरी करता येईल. दुखणं आणि जागरण ही दोन वेगळी खाती आहेत. त्यांच्यात देवाणघेवाण चालते, पण वही एक नाही. हे मला सहा वर्षांत कळलं नव्हतं.

ह्यांना वही दाखवली. हे आयुष्यभर जॉबर, पॉवरलूमची दुरुस्ती केलेला माणूस. त्यांनी फक्त "चादर चार वेळा" एवढ्यावर बोट ठेवलं आणि "हे माझ्याकडे दे" म्हणाले.

१७ जानेवारी

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. नोंदी वेड्यावाकड्या.

भोगीला तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापल्या. पाचच, पण मनगटांनी त्याचा वसूल रात्री केला. दुखणं आठ. नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या मिरवणुकीला गेले नाही. अंगणात खुर्ची टाकून बसले. लांबून "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ऐकू आलं तेवढ्यावर हात जोडले. पांढरी बाराबंदी घातलेली पोरं गल्लीतून जात होती. काठीचं ते वजन पेलत चालणाऱ्यांची मनगटं कशी असतील, असा विचार आता आपोआप येतो. पूर्वी दर्शनाचा यायचा.

दारूकामाच्या, म्हणजे आतषबाजीच्या रात्री सगळं घर गच्चीवर. झोपायला साडेबारा झाले. मला वाटलं, आजची रात्र गेली कामातून. तर पाच तास झोप! मध्ये एकदाच जाग. दुखणं सहा होतं, कमी नव्हतं. लिहून ठेवते, कारण याचा ताळा लागत नाही. नऊ तास पडून मिळते तेवढीच झोप पाच तासांत मिळाली.

२३ जानेवारी

डॉक्टरबाईंकडे वही नेली. त्यांनी पानं उलटत दारूकामाच्या रात्रीवर पेन टेकवलं. "हीच वाट," म्हणाल्या.

आधी त्यांनी पहाटेचं गणित समजावलं. तीन-चार वाजता सांधे का पेटतात, हे मी किती जणांना विचारलं होतं. सासूबाई म्हणतात गार वारा. खरं असं की, सूज आवरणारं कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं रसायन मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं आणि पहाटेकडे वाढत जातं. आमवातात सूज चेतवणारे निरोप्ये, त्यातला एक इंटरल्युकिन-६, त्याच उत्तररात्री जोरावर असतात. वाढणारं कॉर्टिसॉल त्यांना पुरं पडत नाही. म्हणून पहाट वाईट आणि सकाळ लाकडासारखी. आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं, कारण सोसायची पातळीच खाली येते. व्याजावर व्याज.

मग माझी एक चूक निघाली. स्टेरॉइडची छोटी गोळी मी रात्री जेवल्यावर घेत होते. कागदावर "जेवणानंतर" होतं. कुठल्या, हे मी विचारलं नाही. ती सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची. संध्याकाळी घेतली तर झोप उडवते. (मनानं बंद मात्र करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. ती गोळी एकदम सोडणं धोक्याचं.)

आणि मुख्य काम : अंथरुणातले तास कापायचे. झोप पाच तासांची येते तर अंथरूण सहा तासांचंच. रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच. उठण्याची वेळ रोज तीच, रात्र कशीही जावो. झोप लागेना, वीसेक मिनिटं गेली असं वाटलं, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि डोळे जड झाले की परतायचं. झोपेचं प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं की पंधरा मिनिटं वाढवायची. स्कूटर चालवता का, असं त्यांनी विचारलं. पहिल्या काही आठवड्यांत दिवसा पेंग येते म्हणून. फिट येत असेल किंवा मनाचे मोठे चढउतार होत असतील तर हा उपाय असा सरसकट देत नाहीत, हेही सांगितलं. स्कूटरची चावी ह्यांच्याकडे दिली.

पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावली भरून घेतली. शून्य ते एकवीस गुण, पाचच्या वर गेलं की झोप वाईट. मला चौदा. परीक्षेत एवढे सहज कधी पडले नाहीत.

२८ जानेवारी

रविवारी मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच, रोज नाही. कागदावर त्याखाली दोन रेघा आहेत आणि आमच्या कॅलेंडरवर दर रविवारी लाल टिकली आहे. रोजची समजून घेतली तर ही गोळी जिवावर उठते, म्हणून डबीही वेगळी ठेवली आहे.

सोमवारी अंग गळून जातं, थोडी मळमळ. जेवून आडवी झाले ती चार वाजेपर्यंत. रात्री साडेअकराला डोळे टक्क. मागची पानं बघितली तर प्रत्येक सोमवारची रात्र सगळ्यात वाईट. गोळीला दोष देत होते, चोर दुपारच्या झोपेत निघाला. पुढच्या सोमवारी खुर्चीत वीस मिनिटं, गजर लावून.

चहा दुपारी तीननंतर बंद. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायला पाचेक तास लागतात. सहाचा चहा अकरा वाजता निम्मा शिल्लक. कळतं हो सगळं. पण साडेपाचला शेजारून आल्याचा वास येतो, त्याचं काय करायचं?

१ फेब्रुवारी

हाताच्या मुंग्यांचा निकाल लागला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, रात्री दोनला बधिर, झटकलं की बरं. मनगटाच्या सुजेमुळे तिथली शीर दाबली जाते आणि झोपेत मनगट दुमडलं की आणखी. थेरपिस्ट मुलीने गरम पाण्यात मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा माझ्या हातावर बसवून साचा केला. मनगट सरळ राहतं, एवढंच त्याचं काम. पहिल्या रात्री वाटलं, हाताला पाटी बांधून झोपले आहे. तिसऱ्या रात्रीपासून मुंग्या शून्य.

आतून टोचत होतं. आमच्याच कारखान्यातला जुना टेरी टॉवेल कापून अस्तर घातलं.

९ फेब्रुवारी

चादरीचं काम. हे सविस्तर लिहिते, कारण ह्यांचा हट्ट आहे की मापं चुकता कामा नयेत.

घरातली चादर म्हणजे अर्थात सोलापुरी. तिला भौगोलिक मानांकन आहे, घराण्याचा अभिमान आहे, आणि सामान तोलायच्या काट्यावर टांगली तर वजन एक किलो चारशे ग्रॅम आहे. थंडीत तिच्यासारखी ऊब नाही. पण माझ्या पायांच्या बोटांच्या मुळाशी सूज असते. उताणी झोपले की चादर बोटांना खाली ओढते आणि कुशीवर वळताना अंगठ्यात अडकते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. चादरीने दुखतं? हो, चादरीने दुखतं.

पातळ शाल घेऊन बघितली, थंडी वाजून जाग. दोन चादरी आडव्या, पाय उघडे. पाय गारठले आणि सांधे आणखी कुरकुरले. मग हे म्हणाले, "चादर हलकी करू नकोस. पायापाशी ती उचलून धरू."

पाऊण इंची पीव्हीसी पाइप, दहा फुटी एक. चार एल्बो. वरची आडवी दांडी तीन फूट, दोन उभे तुकडे चौदा-चौदा इंच, आणि गादीखाली सरकवायला दोन पाय दोन-दोन फुटांचे. एकूण नऊ फूट चार इंच, उरले आठ इंच. पायथ्याशी छोटी कमान उभी राहते, चादर तिच्यावरून जाते आणि पाय आत मोकळे.

पहिल्या रात्री कमान माझ्या अंगावर आली. कापसाची गादी मऊ, तिच्याखाली दांड्या डोलतात. मध्यरात्री धप्प! सासूबाई "चोर, चोर" म्हणून उठल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांनी खालच्या दोन्ही दांड्या एका फळीला क्लॅम्पने आवळल्या, फळी गादीखाली. आता हलत नाही. पण पाइप जोडायच्या डिंकाचा वास होता, दोन दिवस कमान गच्चीवर वाळत ठेवली. तिसरी अडचण अशी की कमानीच्या दोन्ही बाजूंनी वारं शिरतं. त्यावर चादरीच्या कडा गादीखाली दाबल्या. त्या दाबायला बोटं लागतात, आणि बोटं तर माझी, म्हणून हे काम ह्यांचं. रोज रात्री साडेअकराला हे चादर खोचतात. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ही नवी पद्धत.

"चादर" हा रकाना या आठवड्यात कोरा.

१२ फेब्रुवारी

साडेअकरापर्यंत जागं राहणं हे झोपेपेक्षा अवघड काम आहे, हे कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. दहा वाजता मान पडते. टीव्ही नको, फोन नको. परवा डब्यातल्या डाळी उगाच निवडल्या. काल शेंगांची चटणी कुटलेली होती ती बरण्यांत भरली. घरामागच्या कारखान्यात दुसरी पाळी चालू असली की मागांची खटखट येते. ती मला जागं ठेवत नाही, उलट थापटते. ते बंद असले की कान ताठ होतात. पाहुण्यांचं नेमकं उलटं होतं.

आणि मधूनच उठून बसणं! ऊबदार चादरीतून, इतक्या खटपटीने बांधलेल्या कमानीतून बाहेर यायचं आणि स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं. करायचं काय? वाचायला दिवा हवा, भरतकामाला बोटं. शेवटी औटकी म्हणायला घेतली. वडील पेढीवर कारकून, त्यांनी पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत सगळं पाठ करून घेतलेलं. साडेतीनाचा पाढा, अंधारात, मनातल्या मनात. साती साडेचोवीसपर्यंत जाता येतं. नऊवर अडखळलं की समजायचं, झोप आली.

काल सासूबाई पाण्याला उठल्या. दारात थबकल्या. "काय करलालीस गं अंधारात?"

"पाढे म्हणतेय, आई."

त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी मीठ-मोहरी ओवाळून टाकली.

आठवड्याची सरासरी : अंथरुणात सहा तास, झोप चार तास पंचावन्न. ८२ टक्के. झोप जानेवारीएवढीच, फक्त पाच मिनिटं जास्त. पण तीन तास तळमळ वाचली. दिवसा मात्र मेल्यासारखं वाटतं, हेही खरं.

१६ ते १९ फेब्रुवारी

दुखणं उसळलं. दोन्ही मनगटं, उजवा गुडघा गरम. चार रात्री मिळून झोप किती, लिहिलेलं नाही. डॉक्टरांना फोन, त्यांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी तेवढेच दिवस. पोटाला आणि मूत्रपिंडाला ती महाग पडते म्हणून एरवी हात लावत नाही. गरम गुडघ्यावर बर्फ, ओल्या टॉवेलात गुंडाळून, दहा मिनिटं. सासूबाईंची निर्गुडीच्या पाल्याची पुरचुंडी तापत होती, ती तशीच राहिली. आखडलेल्या सांध्याला शेक बरा वाटतो, पेटलेल्या सांध्याला नको, यावर आमचं एकमत व्हायचं नाही.

साडेपाचला उठले मात्र. चारही दिवस. रडत उठले.

२७ फेब्रुवारी

महाशिवरात्र झाली. सासूबाईंचा कडक उपवास, माझा नाही. गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत. त्यावरून घरात थोडं गार वारं होतं.

आज त्यांच्या रात्रीकडे पाहिलं. इतके दिवस वहीत माझंच चाललं होतं. वात म्हणून आम्ही दोघी एकाच नावाखाली मोडतो, पण दुखणी वेगळी. त्यांच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजली आहे. सकाळी दहा मिनिटं चालल्या की त्या सुटतात, मला तास लागतो. त्यांचं दुखणं दिवसभराच्या उठबशीने वाढत रात्री शिगेला जातं. माझ्यात शरीराचेच पहारेकरी सांध्याच्या अस्तरावर हल्ला करतात, तेव्हा मी काम केलं काय, नाही केलं काय, पहाट यायची ती येतेच.

त्या गुडघ्यांखाली लोड घेऊन उताण्या झोपतात. बरं वाटतं म्हणतात, आणि वाटतंच. पण थेरपिस्ट म्हणाली, रात्रभर नको, गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते आणि मग सरळ होत नाही. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यायला सांगितली. मी सांगितलं तर ऐकल्या नसत्या. ह्यांनी सांगितलं. "बरं," म्हणाल्या.

शेजारच्या अक्काही आल्या होत्या. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, बाजारात कन्नड. चाळीस वर्षं विड्या वळल्या. अंगठ्याच्या बुडाशी गाठ आणि ठणका. त्यांना म्हटलं, तुम्हीही लिहून ठेवा. त्या हसल्या, "रात्री जाग आली तर मी सूप पुढे घेते गं. शंभर-दोनशे विड्या होतात." त्या जागरणाचा हिशेब पैशांत मांडतात. माझ्या वहीत त्याला रकाना नाही. मी चहा टाकला. साडेपाच वाजले होते. अर्धा कप मीही घेतला. नोंद केली आहे.

या आठवड्यात सरासरी पाच तास दहा मिनिटं. सहा तासांत ८६ टक्के. पंधरा मिनिटांची बढती मिळाली : आता सव्वाअकरा.

८ मार्च

पाणी.

आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी. कधी दुपारी, कधी रात्री अडीचला. हौदाचा नळ उघडायचा, भरला की बंद करायचा, नाहीतर पाणी गल्लीत आणि गल्ली आमच्या दारात. त्यातच पिण्याच्या पाण्याचे हंडे भरून घ्यायचे. आठवड्याच्या खतावणीत पाण्याच्या जागा दोनच दिसतात, पण लबाडी अशी की "आज पाणी येणार" असं माहीत असलं की त्या रात्री नुसत्या भीतीनेही जाग येते. कान नळाकडे. "कारण कळलं नाही" या रकान्यातल्या कित्येक जागा पाण्याच्या आदल्या रात्रीच्या निघाल्या.

ह्यांना विचारलं, "हौदाला बॉलकॉक का नाही बसवला आपण? भरला की आपोआप बंद होतो. सगळ्या गल्लीत आहे."

हे गप्प. मग म्हणाले, "गरजच पडली नाही. तू जागीच असायचीस."

यात रागावण्यासारखं काही नव्हतं. खरंच होतं ते. सहा वर्षं मी घराची राखणदार होते. पाणी आलं हिला कळतं, मांजर आलं हिला कळतं, सासूबाई खोकल्या हिला कळतं. माझ्या जागरणावर घराने आपला संसार बसवला होता. आता मी झोपायला लागले तर घराला बॉलकॉक लागणार.

सासूबाईंना हे फारसं पटलेलं नाही. "हंडे कोण भरणार?" सकाळी भरू, हौदातून, फडक्याने गाळून. "शिळं पाणी," म्हणाल्या. चार दिवस तेच पितो आपण, आई.

रविवारी हे बसवतायत.

२२ मार्च

ऊन पडलं. सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते बाहेरच्यांनी विचारू नये. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खाली ओततो. थंडीत झोपण्याआधी तास-दीड तास कोमट पाण्याने अंघोळ करत होते. त्याने हात-पाय सैल पडतात, त्वचेतून उष्णता बाहेर जाते, आतलं अंग थोडं गार होतं आणि झोप लागायला मदत होते. आता तेच पाणी टाकीतूनच कोमट येतं. बंब पेटवायला नको, तेवढा फायदा.

गच्चीवर झोपायचा बेत फसला. अठरा पायऱ्या, आणि वर अंथरूण जमिनीवर. जमिनीवरून उठताना मनगटांवर भार द्यावा लागतो. पहाटे पाचला माझी मनगटं भार घेत नाहीत. गुडघ्यांवर रांगत भिंतीशी गेले. सूर्य उगवायच्या आत अब्रू वाचली. ह्यांनी मग गच्चीला चुन्याचे दोन हात दिले. स्लॅब पूर्वीसारखा भाजत नाही.

हाताचा साचा घामाने चिकटतो, अस्तराचे दोन तुकडे केले, एक अंगावर एक दोरीवर. चादर पेटीत गेली. कमान काढू का, असं ह्यांनी विचारलं. राहू दे म्हटलं. पातळ सुती पांघरूणही पायाला लागतं, आणि खरं सांगायचं तर त्या कमानीखाली पाय सुखाने पडतात.

३० मार्च

पाडवा. कडुनिंबाची चटणी सगळ्यांनी खाल्ली, गुढी ह्यांनी बांधली. माझ्या हातांना गाठ जमत नाही, साखरेची माळ मी घातली.

नवं वर्ष म्हणून ताळेबंद. अंथरुणात साडेसहा तास, अकरा ते साडेपाच. झोप पाच तास पस्तीस. ८६ टक्के. जागा आठवड्यात २९ होत्या, आता ११; त्यांतल्या सात ठणक्याच्या. म्हणजे ठणका नऊवरून सातवर आला एवढंच, बाकी वजाबाकी सगळी इतर खात्यांतली. दुखणं सरासरी सहा होतं, आता पाच. केसांचा चाप ९५ मिनिटांवरून ६५. प्रश्नावलीत चौदाचे आठ. पाचच्या खाली अजून नाही. डॉक्टरबाई खूश, मी अर्धी.

सात ठणक्यांसाठी औषधाचा डोस बदलायचा का, ते रक्ताचा रिपोर्ट आल्यावर ठरेल. ते खातं त्यांचं.

५ एप्रिल

काल झोप सहा तास. मध्ये एक जाग, लघवीला. दुखणं पाच.

सकाळी मोरीत हात धुताना ह्यांनी विचारलं, "रात्री पाणी किती वाजता आलं?"

"आलं होतं?"

हौदाचं झाकण उचलून बघितलं. काठोकाठ. गल्ली कोरडी. सासूबाईंनाही पत्ता नाही. दोन्ही गुडघ्यांत उशी धरून अजून घोरत होत्या.

बॉलकॉकमधून थेंब थेंब गळतंय. वायसर बदलायचा आहे.